कागद ज्याचा त्याच्या हातात

परदेशी माणूस कामावर ठेवायचा असेल, तर आमच्या बेटाच्या राजधानीत, कॅस्ट्रीजमध्ये, कामगार खात्याच्या पायऱ्या चढण्याआधी मिस व्हितालियाकडे जावं लागतं. तसा काही कायदा नाही. पण जे तिला टाळून थेट वर गेले, ते अजून खेटे घालताहेत.

खात्याच्या समोर एक बंद पडलेलं औषधाचं दुकान आहे. त्याच्या पत्र्याखाली तिचं घडीचं टेबल, एक मोठी छत्री, काळ्या शाईची दोन पेनं आणि पायाशी कागदांची पिशवी. अठ्ठावीस वर्षं झाली. हॉटेलवाले, बोटवाले, दातांचे डॉक्टर, सगळे तिथे उभे राहतात. आधी 'सुप्रभात' म्हणायचं, मग काम सांगायचं. एकदा एका हॉटेलचा मॅनेजर आला आणि नमस्कार-चमत्कार न करता फाइलच पुढे केली. बाईंनी त्याला फुटपाथवरून खाली उतरवलं आणि पुन्हा वर चढून यायला लावलं. दार नसलं म्हणून काय झालं, म्हणे. बिचारा चढला, सुप्रभात म्हणाला, आणि चक्क हसला.

तिच्याबद्दल गावाला दोन गोष्टी ठाऊक होत्या. तिने भरलेल्या अर्जात एकही खोटी ओळ नसते. आणि तिच्या हाताखालून गेलेल्या कुणाचाही परवाना आजवर मुदतीबाहेर गेलेला नाही. तिसरी गोष्ट फक्त कुजबुजीत होती. तरुणपणी ती सेंट थॉमस बेटावर घरकामाला होती आणि एक दिवस अचानक एका बॅगेनिशी परत आली. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

माझी बेकरी आहे. बापाने बांधलेली, लाकडावर पेटणारी भट्टी, एका वेळी तीनशे पाव. माझी कंबर गेली तेव्हा हैतीहून विल्नॉर आला आणि तीन वर्षं भट्टी त्याच्यावरच चालली. एकटा माणूस, अबोल, कामाला वाघ. त्याचा पासपोर्ट मी पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता, हरवू नये म्हणून. परवान्याची मुदत तीस तारखेला संपत होती. मी सहा आठवडे आधी बाईंकडे गेलो आणि स्वतःवर खूश होतो.

"सुप्रभात, मिस व्हितालिया."

"सुप्रभात, इग्नेशियस. तीन महिन्यांपूर्वी का नाही आलास?" त्यांनी कागद चाळले. "ही पासपोर्टची नक्कल आहे. मूळ कुठाय?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये. अगदी सुरक्षित."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, माझ्या व्यवस्थितपणाचं कौतुक वाटलं असेल.

आता आमच्याकडची रीत अशी, की परदेशी माणसासाठी अर्ज करण्याआधी ती जागा पेपरात जाहीर करायची. आपल्या बेटावरचं कुणी मिळत नाही हे आधी दाखवायचं. हुशार मालक जाहिरातच अशी लिहितात, की कुणी फिरकूच नये. मीही घरून लिहून नेली होती. पंधरा वर्षांचा अनुभव, हैतीची भाषा लिहिता-वाचता यावी, उंची सहा फूट, अविवाहित.

बाईंनी ती शांतपणे वाचली. "त्याच्या बुटाचा नंबर काय? तोही घाल की."

"अहो, सगळेच असं लिहितात."

"मग सगळ्यांकडे जा." त्यांनी माझा कागद फाडला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या. लाकडाच्या भट्टीवर काम करणारा किंवा करणारी बेकर हवी. पहाटे तीनला हजर राहावं लागेल. एवढंच. वर रविवारी चर्चमध्ये फादरकडून ती वाचूनही घेतली. मला घाम फुटला.

एकोणीस जण आले. बाई स्वतः माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या, कोको-चहाचा मग हातात. 'पहाटे तीन' म्हणजे खरंच तीन, हे ऐकून बारा जण आल्या पावली परतले. एकाने विचारलं, तीनच्या ऐवजी नऊ चालतील का. एकाला पाव भाजायचा नव्हता, गाडीने वाटायचा होता, आणि गाडी मीच द्यायची होती. मी मनातून नाचत होतो. शेवटी ऑक्तावी उरली. चाळिशीची बाई, डोक्याला पिवळा रुमाल, शोझेल गावची. मावशीच्या मातीच्या भट्टीवर वाढलेली.

"वीस पाव करून दाखव," बाई म्हणाल्या.

तिने केले. विल्नॉरने त्यातला एक उचलला, उलटा केला, बुडाला बोटांनी टकटक केली आणि कान लावून ऐकलं. मी मागून डोळे वटारून खुणावत होतो.

"ही बेकर आहे," तो म्हणाला.

"अरे गाढवा, तू काय बोललास, कळतंय का? तुझी जागा आहे ती!"

"कळतंय, मिस्टर. पण पाव चांगला झालाय. त्याला वाईट कसं म्हणू?"

ऑक्तावी रुमालाच्या टोकाशी चाळा करत उभी होती. तिला दोन पोरी होत्या आणि हॉटेलातली धुण्याची नोकरी नुकतीच गेली होती, हे मागाहून कळलं. तेव्हा मला तिचा फक्त राग आला होता.

बाईंनी अर्ज उघडला. त्यात एक रकाना असतो. स्थानिक उमेदवारांपैकी कुणी लायक आढळलं का?

"नाही लिहा," मी म्हणालो.

"खोटं लिहू?"

"मग हो लिहा आणि विल्नॉरला बोटीत बसवा. एकही खोटी ओळ नाही आणि एकही परवाना बुडला नाही. यातलं कुठलं मोडताय, सांगा."

मला वाटलं, त्या चिडतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. पेन माझ्या टेबलावरच राहिलं. बाई पेन विसरतात म्हणजे मामला गंभीर होता, आणि मुदतीला फक्त अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई हजर.

"दुपारी तुझी भट्टी काय करते, इग्नेशियस?"

"काय करणार? थंड होते."

"आणि चार वाजता पोरं शाळेतून येतात, माणसं कामावरून येतात, तेव्हा तुझ्याकडे पाव असतो?"

"आठलाच संपतो. लोक शिव्या घालत जातात."

"मग दुपारी तीच भट्टी दुसऱ्यांदा लाव. ऑक्तावीला वीस पाव येतात. तीनशेची भट्टी तिला यायला वर्ष लागेल, आणि शिकवणारा एकच माणूस आहे. रकान्यात 'हो' लिहिते. लायक आढळली, नोकरी दिली. परवाना मागायचा तो दुपारच्या भट्टीसाठी आणि तिला तयार करण्यासाठी. यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही. पण दोन पगार मी द्यायचे!"

"बरोबर. म्हणजे अडलंय ते खात्यापाशी नाही, तुझ्यापाशी." बाईंनी आरामात चहाचा घोट घेतला. "परवडत नसेल तर आत जा. दोघांपैकी एकाला सांग, उद्यापासून येऊ नकोस. मी इथे बसते."

मी तावातावाने आत गेलो. विल्नॉर ऑक्तावीला पाव भट्टीत सारायचं लांब दांड्याचं फावडं कसं फिरवायचं ते दाखवत होता. तो त्याच्या बोलीत बोलत होता, ती आमच्या बोलीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. तिने फावडं फिरवलं ते थेट छताला लटकवलेल्या टोपल्यांत. टोपल्या विल्नॉरच्या डोक्यावर. तीन वर्षांत मी त्याला असं खदखदून हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला लाज वाटली. त्याला हसता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मी बाहेर आलो. "लिहा."

"काय लिहू?"

"तुम्ही सांगितलं तेच. आता आणखी बोलायला लावू नका."

अर्ज गेला. मग दहा दिवस बाई रोज खात्याच्या पायऱ्या चढत राहिल्या. तीस तारीख उजाडली तरी कागद आला नव्हता. खातं चारला बंद होतं. साडेतीनपासून मी बेकरीच्या दारात उभा. विल्नॉर एकदाही घड्याळाकडे पाहत नव्हता, पण त्याची बॅग भरून पिठाच्या गोण्यांमागे ठेवलेली मी पाहिली होती. ऑक्तावीही पाहून आली होती आणि रुमालाने डोळे पुसत कणीक मळत होती.

सव्वाचारला कोपऱ्यावर मिनीबस थांबली. बाई उतरल्या. छत्री बगलेत, हातात लिफाफा.

"मिळाला!" मी ओरडलो आणि हात पुढे केला. ड्रॉवर मी सकाळीच आवरून ठेवला होता.

बाई माझ्या हाताला वळसा घालून सरळ भट्टीपाशी गेल्या. "विल्नॉर, हात पूस. हे तुझं आहे."

त्याने हात दोनदा पुसले. कागद उघडून स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं, मग शिक्क्यावर अलगद बोट टेकवलं. ऑक्तावीने टाळ्या वाजवल्या आणि पिठाचा ढग उडाला.

"माझ्याकडे दिला असता तर जपून ठेवला असता," मी जरा फुगूनच म्हणालो.

"माहीत आहे." बाई गोणीवर टेकल्या. "सेंट थॉमसला माझी मालकीणही जपूनच ठेवायची. चार वर्षं मी विचारायची आणि ती म्हणायची, तुझा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काळजी करू नकोस. चांगली होती हो बाई, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पोलीस कागद तपासायला आले त्या दिवशी ती घरात नव्हती. मीच पळत जाऊन ड्रॉवर उघडला. आत नुसती दोऱ्याची रिळं होती."

एवढं बोलून त्यांनी ऑक्तावीकडे गरम पाव मागितला.

मी माझ्या खोलीत गेलो. ड्रॉवर ओढला. विल्नॉरचा पासपोर्ट तिथे होता, तीन वर्षं होता तसाच, सुरक्षित. तो घेऊन मी भट्टीपाशी आलो.

"मिस्टर, पाव आत आहेत, जळतील. नंतर द्या," विल्नॉर म्हणाला.

"जळू देत," मी म्हणालो. "आधी हा घे."