किती मागं घेऊ?

कोपरगावात जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचं नाव मी विचारलंच नाही. वडिलांच्या जीपचा बंद मीटर पुढ्यात ठेवला, तर मान वर न करताच त्यांनी विचारलं, "किलोमीटर किती मागं घेऊ?"

"मागं नको. गाडी विकायची नाही. नुसता काटा चालू करा."

तेव्हा कुठे त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काच उघडून आत हलकेच फुंकर मारली, तेल सोडलं, चिमटीत केबल फिरवली. काटा थरथरत वर चढला.

"जलमभर लोकांच्या गाड्यांचे आकडे मागं फिरवले," ते म्हणाले, "पन एक गाडी तरनी झाली न्हाई."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही.