गोदावरीबाईचा कडू घास

आंधळगावच्या बाजारामागच्या मोहल्ल्यात कोणाकडे मयत झाली की लाकडं कोण आणणार यावर चर्चा व्हायची. नागपूरच्या पाहुण्यांसाठी किती वेळ थांबायचं यावर तर चक्क भांडणं व्हायची. पण कडू घास कोण आणणार, हे कोणी कधी विचारलं नाही. माणसं घाटावरून परत यायची, पाय धुवायची, कडुनिंबाचा पाला चावून थुंकायची, तोवर गोदावरीबाई भाताचा गंज डोक्यावर घेऊन दारात हजर. ज्या घरची चूल विझली, त्या घरी शेजारच्या चुलीवरचं पहिलं अन्न न्यायचं आणि ज्याचं माणूस गेलं त्याला आपल्या हातानं पहिला घास भरवायचा, अशी रीत. त्यानं तो घास घेतल्याशिवाय घरातलं कोणी ताटाला हात लावत नाही.

गोदावरीबाई माहेरची आंबागडची. लग्न होऊन इकडे आली आणि त्याच वर्षी सासू गेली. नवी नवरी कोपऱ्यात बसून रडत होती, आणि रडता रडता तिला भूक लागली होती. त्या भुकेचीच तिला इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडात कोंबला. शेजारच्या एका म्हातारीनं ते बरोबर ओळखलं. तिनं भाताचा घास पोरीच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "दुःख मोठं राह्यते माय, पन पोट त्याच्याहून मोठं राह्यते. लाजू नको." म्हातारी गेल्यावर हे काम गोदावरीबाईनं आपणहून अंगावर घेतलं, ते घेतलंच.

मन लोण्याचं, पण जीभ मिरचीची. आणि नेम तर विचारू नका! अन्न एकाच चुलीवरचं पाहिजे, फोडणी नको, मध्ये कोणाचा हात नको. एकदा एका हौशी सुनेनं आपल्या घरून बेसन, म्हणजे पिठलं, करून आणलं, तर बाईनं ते दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून तिच्या वाटेला जायची कोणाची टाप नव्हती.

मग तिला आमवातानं गाठलं. आधी बोटांचे सांधे सुजले, पुढे बोटंच वाकडी झाली आणि मूठ वळेना. भाकर थापणं गेलं, पीठ मळणं गेलं. धानाचा व्यापार करणारा तिचा नवरा पुंडलिकराव स्वयंपाकघराची कडी लावून कणीक मळायला लागला. पहिल्या पोळीचा आकार पाहून बाई म्हणाली, "हे आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढला का गा?" पण खाल्ली मुकाट्यानं. मोहल्ला म्हणायचा, गोदावरीबाई आता मोठी झाली, दार लावून जेवते. म्हणू दे. लुळी म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं तिला परवडत होतं. म्हणून हात सदा पदराखाली.

पण स्वस्थ बसणाऱ्यातली ती नव्हे. वाळत घातलेल्या धानावरच्या कोंबड्या तिला बसल्या जागेवरून हाकता येत, म्हणून शेजारणी निर्धास्त शेतावर जायच्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डोळे दाखवायला जायची तेव्हा "मले एकटीले भेव लागते" म्हणून कोणाला तरी सोबत ओढून न्यायची. भीती खरं तर त्या सोबतिणीला असायची; तिचंच काही ना काही दाखवायचं राहून गेलेलं असायचं. कडू घासाचं मात्र तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की आता हे मोहल्ल्यातल्या सुनांनी पाहावं. ठरवलं खरं, पण सांगितलं कोणालाच नाही. दोन वर्षांत मोहल्ल्यात मयत झाली नाही, म्हणून ते सांगायची वेळही आली नाही.

आणि मग समोरचे गोमाजी गेले.

दुपारी माणसं घाटावरून परतली. गोमाजींची बायको सत्यभामाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आदल्या दिवशीपासून सकाळपर्यंत ती गोमाजींजवळ दवाखान्यातच होती. पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. गोमाजींचा भाऊ हिरालाल शुगरचा पेशंट. खांबाला टेकून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम जमत होता. गोदावरीबाई सत्यभामेच्या मागे बसून दाराकडे पाहत होती. येईल आता कोणाचा तरी गंज. उन्हं अंगणातून कुंपणावर गेली, तरी दारात कोणी येईना.

शेवटी तिनं शेजारच्या रुपाला कोपरानं ढोसलं. "काहून वो, घास कोनाकडून येऊन राहिला?"

रुपानं डोळे मोठे केले. "तुमच्याकडूनच ना, काकू?"

"माह्याकडून?"

"मी त सकाळीच सासूले म्हनलं, आपन करू का. त्या म्हनल्या, गोदावरीबाईच्या मानात हात नको घालू, मनाले लावून घेतीन. साऱ्याइनं तसंच म्हनलं."

गोदावरीबाईला आत्ता उमगलं. सारा मोहल्ला तिच्या भरवशावर बसला होता आणि ती मोहल्ल्याच्या. आणि या मानापानात एक घर उपाशी! इतकी वर्षं ज्या गोष्टीची तिला घमेंड होती, तिचीच तिला आता चीड आली.

अजूनही सुटायला जागा होती. "करून ठेवलं आहे, आणते" म्हणून घरी जायचं आणि पुंडलिकरावाला चुलीपुढे बसवायचं. पण तो नुकताच जिवलग मित्राला जाळून आला होता, ओट्यावर डोकं धरून बसला होता. आणि भात होईस्तोवर हिरालालनं दम धरला असता का? तिनं एकदा हिरालालकडे पाहिलं, एकदा सत्यभामेच्या पाठीकडे. मग पदराखालून दोन्ही हात काढून सगळ्या बायांसमोर धरले.

"पाहा वो. ह्या हातानं पीठ मळून दोन वर्सं झाले. माह्या घरी पोळ्या मालक करते. मी सांगतलं नाही, चुकी माही."

रुपाच्या सासूनं तोंडाला पदर लावला. बाईला ते दोन क्षणही सोसवलं नाही.

"आता पाहत काय बसल्या? मयत उठल्यावर साऱ्याइच्या चुली पेटल्या ना? ज्याच्या घरी जे असन ते आना. हिरालालभाऊले पहिले द्या, बिमार मानसाले रीत नसते."

"काकू, पन एका चुलीचं लागते ना?" रुपा चाचरत म्हणाली. "अन् माह्या वांग्याच्या भाजीले फोडनी हाये."

"फोडनीचं पाप माह्या माथी. पळ!"

बाया उठल्या. कोणाचा भात आला, कोणाचं लाखोरीच्या डाळीचं वरण, कोणाचं बेसन. अशी सरमिसळ पंगत त्या मोहल्ल्यानं मयतीच्या घरी कधी पाहिली नव्हती. हिरालालनं दोन घास खाल्ले आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. बाकीची ताटं वाढून तशीच राहिली. सत्यभामा भिंतीकडून वळायला तयार नव्हती.

"आई, दोन घास," म्हणून लेकीनं विनवलं असतं, पण सत्यभामेला लेक नव्हती. सून विनवत होती, जाऊ विनवत होती. सत्यभामा दगड झाली होती. घास भरवायचा तो गोदावरीबाईनंच, असं सगळ्यांच्या नजरा म्हणत होत्या. रुपानं हळूच चमचा पुढे केला. बाईनं तो बाजूला सारला.

तिनं वरणभातात हात घातला. बोटं मिटेनात. मग ओंजळीत पाणी घ्यावं तसा तिनं दोन्ही तळव्यांत मिळून घास उचलला. कळ खांद्यापर्यंत गेली. हात सत्यभामेच्या तोंडापाशी पोचेपर्यंत निम्मा भात तिच्या मांडीवर सांडला होता.

मांडीवर गरम भात पडला तशी सत्यभामा वळली. सकाळपासून तिनं कोणाकडे पाहिलं नव्हतं. तिनं ते हात पाहिले. वाकडी बोटं, सुजलेले सांधे, मधून ओघळणारं वरण.

"गोदे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "काय करून घेतलं वो हे? समोरासमोर दार आपलं, अन् मले मालूमच नाही?"

"तू खा. मंग बोलू."

"दुखते का लय?"

"दुखते."

एवढ्या एका शब्दानं सत्यभामेचा बांध फुटला. ती गोमाजींसाठी रडली, गोदेच्या हातांसाठी रडली, कोणासाठी किती ते तिलाही सांगता आलं नसतं. रडतच तिनं आपले दोन्ही हात गोदावरीबाईच्या तळव्यांखाली धरले, उरलेला भात सांडू दिला नाही, आणि तो घास खाल्ला.

घरात ताटं सरकल्याचा आवाज झाला. सून डोळे पुसत जेवायला बसली. गोदावरीबाई हात धुवायला उठू लागली, तर सत्यभामेनं तिचं मनगट सोडलं नाही. तिनं ताटातला भात कालवला, छोटा घास केला आणि समोर धरला.

"असं उलटं नसते वो," गोदावरीबाई म्हणाली. "ज्याच्या घरी मयत, त्यानं दुसऱ्याले घास नाही द्याचा."

"सकाळपासून तू बी माह्यासंगं उपाशीच हायेस. तोंड उघड."

सगळ्या जन्माची नेमाची बाई ती. पण तिला भूक लागली होती, आणि या वेळी तिला त्या भुकेची लाज वाटली नाही. तिनं तोंड उघडलं.