परवानगीआत्या

कुणाच्या खाटेवर टेकायचं असलं तरी आत्या आधी विचारायच्या, "बसू का?" समोरचं माणूस झोपलेलं असलं तर ते जागं होईपर्यंत उभ्याच राहायच्या. मार्गासनीच्या वृद्धाश्रमात मी देखभालीच्या कामाला होते. आम्ही सगळ्याजणी त्यांना परवानगीआत्या म्हणून चिडवायचो. त्यावर त्या हसायच्यासुद्धा नाहीत.

आत्यांच्या शेजारच्या खाटेवर सोनाबाई. त्यांची आठवण गेली होती, पोटच्या लेकालाही पाव्हणं म्हणायच्या. विसरण्याच्या आजारावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम पुण्याहून माणसं घेऊन यायला लागल्या, तेव्हा भोरहून येऊन लेकानं रक्त घ्यायला संमतीची सही केली. सुई दिसली की सोनाबाई हात मागे घ्यायच्या. मग एकीनं मनगट धरायचं, दुसरीनं टोचायचं. दर खेपेला हेच चालायचं.

एकदा आत्या उठल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या. "सही पोराची हाय. रगत तिचं हाय."

मॅडमनी समजावलं की सोनाबाईंना काही कळत नाही.

"हात मागं घेतीया न्हवं? मग कळतंय की."

आवाज चढवला नाही, पण जागच्या हलल्याही नाहीत. आमचे व्यवस्थापक डाफरले, पुन्हा असं केलंत तर भाच्याला बोलावून घरी धाडीन म्हणाले. भाच्याच्या घरी आत्यांना जागा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांनाही. त्या तशाच उभ्या. मॅडम त्या दिवशी रक्त न घेता गेल्या.

पुढच्या खेपेला मॅडमनीच नियम केला. घरच्यांची सही असली तरी दर वेळी त्या माणसाला विचारायचं, आणि हात मागे घेतला की थांबायचं. सोनाबाईंना पुन्हा कुणी टोचलं नाही.  आत्यांना घरी धाडण्याची गोष्टही मागे पडली.

पुढे आत्यांचंही सगळं पुसत गेलं. मला ओळखेनात. भाच्यानं सही केली. मॅडम वाकून म्हणाल्या, "आत्या, हात लावू का?" आत्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि हात गोधडीत घेतला. मॅडमनी सुई ठेवून दिली. मला बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी चहा गाळायला गेले.

आत्या गेल्या तेव्हा भाच्याची एसटी यायची होती. आंघोळ घालायला मीच पुढे झाले. ऊन पाण्याचा तांब्या भरला, आणि तोंडातून निघून गेलं, "आत्या, हात लावू का?"

रडू आलं नाही. पाणी गार होईपर्यंत मी त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिले.