बँकॉकच्या बुद्धापुढे मालवणी गाऱ्हाणं

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत हल्ली जो उठतो तो बँकॉकला जातो आणि परत येऊन मलाच तिथली माहिती देतो. म्हणून म्हटलं, आपणही एकदा लिहून टाकावं. मी गेले ती ऐंशीच्या दशकात, आणि चक्क शिकायला. मी आणि मुलुंडची कुसुम, उपनगरातल्या एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात नर्स होतो. नवजात बाळांच्या देखभालीचा तीन आठवड्यांचा कोर्स होता. सहारच्या विमानतळावर मला सोडायला अख्खी चाळ आली होती, गळ्यात हार घालून मला पार गणपती करून टाकलं होतं.

पण खरी गंमत पुढे होती. कोर्स संपल्यावर प्रत्येक देशाच्या एकीला, म्हणजे आम्हा दोघींपैकी एकीला, आणखी सहा महिने तिथेच ठेवून वरचं शिक्षण देणार होते. ती जागा मला हवी होती. माझे बाबा गिरणीतले, आमच्या घरात परदेशी शिकायला कोण गेलं होतं? कुसुमही तशाच घरातली होती, पण तेव्हा तिचा विचार कशाला करतेय मी! नाव शेवटच्या रविवारी रात्रीच्या जेवणाला जाहीर होणार होतं आणि त्याच रविवारी आमची शहर दाखवायची सहल होती.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, दहानंतर ऊन घामटं काढतं. देवळांत गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, त्यामुळे साडीवालींना काही अडचण नाही. चपला बाहेर. आमच्या शिक्षिका प्रानी मॅडमनी पहिल्यांदा निजलेल्या बुद्धाच्या देवळात नेलं. मूर्ती एवढी लांब की पायापासून डोक्यापर्यंत चालत जाताना गप्पा मारून होतात. तिच्या तळपायांवर शिंपल्यांचं नक्षीकाम आहे, ते चुकवू नका.

शेजारच्या सभागृहात भिक्षू काही म्हणत बसले होते. आम्ही मागे टेकलो आणि माझ्या बाजूला कुसुम हलकेच त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. उच्चार थोडे वेगळे, पण शब्द तेच. बुद्धं सरणं गच्छामि. प्रानी मॅडम वळून बघतच राहिल्या.

"तुला हे कसं येतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडे रोज संध्याकाळी म्हणतात, मॅडम. लहानपणापासून," कुसुम म्हणाली.

झालं! सगळा ग्रुप तिच्याभोवती. नेपाळच्या मुली, श्रीलंकेच्या मुली, सगळ्यांना कुसुम हवी. एका म्हाताऱ्या भिक्षूंनी आशीर्वादाचा पांढरा दोरा दिला. ते बायकांना हात लावत नाहीत म्हणून मॅडमनी तो स्वतः कुसुमच्या मनगटावर बांधला. मी मात्र चपला शोधत उभी. इतका जळफळाट झाला की विचारू नका. तीन आठवडे मी मॅडमच्या पुढे-पुढे करत होते आणि हिने बसल्या जागी मैदान मारलं.

दुपारी नदीकाठी जेवलो. नारळाच्या दुधातली मासळीची आमटी होती आणि तिच्यात चक्क गवती चहा. आमच्या आईने बघितलं असतं तर स्वयंपाक्यावर केस केली असती. एरवी मी बोटं चाटली असती, त्या दिवशी चव लागली नाही. समोर कुसुम दोरा सांभाळत जेवत होती.

"काय गं सुमन, गप्प का?" तिने विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हटलं.

मग होडीने पलीकडे अरुणाच्या, म्हणजे पहाटेच्या देवळाला गेलो. होडी स्वस्त आहे, टॅक्सीच्या फंदात पडू नका. सगळे उंच, उभ्या पायऱ्या चढायला गेले. मी साडीचं निमित्त करून खालीच राहिले, कारण मला देवाशी एकटीने बोलायचं होतं. आता आमच्या कोकणात देवाला मनातल्या मनात सांगून भागत नाही. एकाने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. नारळ मिळेना, म्हणून गाड्यावरचं शहाळं घेतलं, ते बुद्धापुढे ठेवलं आणि हात जोडले. इथे मालवणी कोणाला कळतेय!

"बा देवा म्हाराजा, आज ह्या परक्या मुलखात तुझ्या दारात इलंय. काय चुकलामाकला असात तर पदरात घे, आणि ती सा म्हयन्यांची जागा माकाच मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दचकून वळले. मागे कुसुम उभी, हात जोडून, घामाने डबडबलेली.

"तू वर गेली होतीस ना?"

"चक्कर आली, उतरले. आमच्याकडे बुद्धाकडे काही मागत नाहीत गं," ती म्हणाली. "पण तू मागत होतीस, मग हो म्हणायला कुणीतरी नको?"

"तुला नकोय ती जागा?"

"हवीय की. वाट लागेल माझी नाही मिळाली तर."

माझा राग मात्र आणखी वाढला.

रात्री मॅडमनी कुसुमचं नाव घेतलं. टाळ्या वाजवून झाल्यावर मी त्यांना गाठून विचारलंच, सकाळच्या त्या म्हणण्यामुळे का? त्या म्हणाल्या, नाव शुक्रवारीच ठरलं होतं, वॉर्डातलं तिचं काम बघून. म्हणजे मला दोष द्यायला देऊळसुद्धा उरलं नाही.

दोन दिवसांनी सहारला एकटीच उतरले. आमच्या घरची माणसं बाहेर होतीच, पण त्यांच्या आधी पुढे आली ती कुसुमची आई. मुलुंडहून दोन बस बदलून आली होती. मला वाटलं, लेकीची खबर घ्यायला आलीय.

"कुसुम मजेत आहे, मावशी. नीट जेवते," मी म्हटलं.

"ते मालूम हाय मले. तिनं ट्रंककॉल केला होता," मावशी म्हणाल्या आणि भाकरी-ठेच्याचा डबा माझ्या हातात दिला. "म्हणे, सुमनले लय वाईट वाटलं असंन, तू जाय तिले घ्यायले. तुयासाठीच आली वं बाई."

कुसुमच्या मनाचा हेवा मला अजून वाटतो. त्या सहा महिन्यांचा मात्र तिथेच संपला, मावशींच्या समोर.