कुणापैकी?

लोक मला अजून विचारतात, "टीचर, असल्या उन्हात सायकलवर कामून गेलते तुमी?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि "बरी जिरली" जास्त असते, म्हणून मी तोंड उघडत नाही. इथं मात्र सांगते.

मी बिदरला सरकारी मराठी शाळेत शिकवते. आम्हाला मोठी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि गुडघे मोकळे राहावेत म्हणून सायकल चालवायला लागले. गुडघे राहिले बाजूला, वेडच लागलं. आधी सकाळी किल्ल्यापर्यंत, मग भालकीपर्यंत, मग पार उदगीर. घरी एकटी बसून मी तरी काय करणार, मीही एक गिअरची सायकल घेतली आणि पंजाबी ड्रेसवर हेल्मेट चढवलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "टीचर, आता विमान कधी घ्यायलात?" मी म्हणायचे, "तुझा नवरा चालवणार असंल तर उद्याच घेते." हसायचो सगळ्या. चांगले दिवस होते ते.

बुद्धपौर्णिमाही उन्हाळ्यातच येते, त्याला कोण काय करणार? पहाटे बिदरहून निघायचं आणि संध्याकाळच्या वंदनेला कलबुर्गीच्या विहारात पोचायचं, असं ह्यांनी ठरवलं. मी म्हटलं, "बसनं जाऊ." तर म्हणाले, "बसनं तर सगळंच गाव जातंय." झालं. ह्यांनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाहीत, आणि ब्रह्मदेवाला तर आमच्या घरात तसाही प्रवेश नाही.

ह्यांची आणखी एक खोड होती, ती आधी सांगायला हवी. हे परक्या दाराशी पाणी मागत नसत. कधीच नाही. विकत घेतील, घरून बाटल्या भरून नेतील, हापशावर ओंजळीनं पितील, पण कुणाच्या उंबऱ्यापाशी उभं राहून "जरा पाणी मिळंल का" हे चार शब्द ह्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. ह्यांचं गाव मेहकरच्या बाजूचं. लहानपणी शाळेतून चालत येताना एका घरी पाणी मागितलं होतं. बाईनं विचारलं, "कुणापैकी रं तू?" ह्यांनी खरं सांगितलं. बाई चिडली नाही, ओरडली नाही. भिंतीच्या खोबणीतली करवंटी काढली, वरून पाणी ओतलं आणि "गुणाचं पोरगं हाय" म्हणाली. हे म्हणतात, तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो. घरी येऊन सांगितलं तेव्हा ह्यांचे वडील एवढंच म्हणाले, "तहान लागली तर घरी यायचं. मागायचं न्हाई." ते आयुष्यभर पाळलं.

मला हे पटायचं नाही. मी बिदर शहरात वाढले, माझ्या वेळेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलेलं. मी कुठल्याही दारात उभी राहते आणि "अक्का, नीर कोडरी" म्हणून हात पुढं करते. कुणी तोंड वाकडं केलं तर मला त्याच्यापेक्षा जास्त वाकडं करता येतं. ह्यांना चिडवायचे, "तुमचा पाण्याचा उपास कधी सुटणार?" हे म्हणायचे, "विकतच्या पाण्याला पैकी न्हाई विचारत. तेवढं बरं हाय."

तर निघालो. कमठाण्याला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. चहा घेतला. लाल मातीवरून गार वारं येत होतं आणि हे शीळ घालत होते. दुबलगुंडीच्या फाट्यापर्यंत खरंच मजा आली. हुमनाबादला इडली खाल्ली, बाटल्या भरून घेतल्या. तिथं हॉटेलवाला म्हणाला, "अप्पा, आता पडून राहा, चारला निघा." मीही तेच म्हटलं. पण हे घड्याळाकडं बघून म्हणाले, "वंदना चुकंल."

हुमनाबाद सोडल्यावर माती काळी झाली आणि ऊन खरं काय असतं ते कळलं. तुरी काढून नेलेल्या, नुसती खुंटं उभी. झाड नाही, गुरं नाहीत, वाटेत माणूस नाही. डांबर पघळलेलं, चाकं चिकटून चर्रचर्र आवाज करत होती. हँडलला हात लावला की चटका. बाटलीतलं पाणी एवढं तापलं की चहापत्ती टाकायची तेवढी बाकी होती. वारा सुटला की बरं वाटायच्या ऐवजी तोंडावर फुफाटा यायचा. अंगाची लाही लाही होत होती आणि मी मनातल्या मनात ह्यांच्या सात पिढ्या काढत होते.

कमलापूरच्या अलीकडं एका फाट्यावर दुकान आहे, तिथं थंड बाटल्या मिळतात, हे ह्यांना ठाऊक होतं. त्या भरवशावर आम्ही शेवटचं पाणी संपवलं. दुकान बंद होतं. शटरला कुलूप आणि समोर एक कुत्रं सावलीत जीभ काढून पडलेलं. हे शटरसमोर उभे राहिले, बराच वेळ. मग हसले. मला ते हसणं आवडलं नाही. बघितलं तर कपाळ कोरडं. सकाळपासून पाठीला चिकटलेला शर्ट आता सुटून फडफडत होता, नुसते मिठाचे पांढरे डाग.

"घाम कामून येईना तुमाला?" मी विचारलं.

"वारं लागायलंय की," हे म्हणाले. बोलताना जीभ जड झालेली.

फाट्यावरून आत चारसहा घरं दिसत होती. मी म्हटलं, "आता एक शब्द बोलायचा न्हाई. चला माझ्यामागं." आणि ऐकलं हो त्यांनी. एवढं निमूट ऐकणं बघूनच खरं तर मला रडू यायला लागलं.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, शेंगा फोडत. शेजारच्या घरासमोर मांडव घातलेला, आतून बायकांचा गलका. मी "अक्का, नीर" एवढंच म्हटलं असेल नसेल, म्हातारी उठलीच. "बर्री, बर्री, कुंदर्री," म्हणत आम्हाला सावलीत बसवलं आणि आतून दोन तांबे घेऊन आली. रांजणातलं पाणी, तांब्याला बाहेरून दव आलेलं. मी घटाघटा प्यायला लागले. ह्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात म्हातारीनं विचारलं, "यार पैकीरी नीवु?"

कुणापैकी तुम्ही? पैकी हा शब्द आमच्याकडं कानडीत आणि मराठीत एकच. कुणाचे पाहुणे, कुणाच्या नात्यातले, असं विचारायलाही तोच आणि जात विचारायलाही तोच. कुठला कुठं, ते विचारणाऱ्याच्या मनात असतं आणि ऐकणाऱ्याच्या पाठीवर.

ह्यांनी डोळे उघडले. तांब्या ओठाशी गेला नव्हता. तो त्यांनी ओट्यावर अलगद ठेवला, थेंब सांडू दिला नाही. उठले. "चल," म्हणाले.

"अहो, प्या आधी! मुकाट्यानं प्या! विचारू दे की काय विचारायचं ते, मी सांगते तिला!" मी ओरडलेच. शेजारच्या मांडवातल्या बायका बाहेर डोकावल्या. हे सायकलकडं गेले. पाय नीट पडत नव्हते. मी दंड धरला तर कातडी तव्यासारखी. त्यांनी हात सोडवून घेतला, सायकलवर बसले आणि त्या उन्हात निघाले. मी तांब्या घेऊन मागं पळाले. माझ्यामागं म्हातारी पळाली. मला कानडी चांगली येते, तिचं सगळं कळत होतं. ती ओरडत होती की अगं, शेजारी पाळणा आहे, सुनेच्या माहेरची शहरातली माणसं यायची आहेत, तुम्ही त्यांच्यापैकी का म्हणून विचारलं, पंगत बसायलीये, जेवायला पाठवणार होते!

हे फाट्यावर पोचलेच नाहीत. सायकल एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं, आणि बाभळीच्या वळणावर आडवी झाली. आम्ही पोचलो तोवर डोळे पांढरे झालेले आणि तोंडानं हे काहीतरी पुटपुटत होते, मला वाटतं हुमनाबादच्या इडलीचे पैसे दिले का असं विचारत होते. म्हातारी मातीत बसली, ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःचा पदर भिजवून अंगभर फिरवत राहिली. मांडवातले लोक धावून आले. हंडे आले, ह्यांच्यावर ओतले. ज्याचं दुकान बंद होतं तोही त्याच मांडवात होता, तो जीप काढायला पळाला. म्हातारी रडत होती आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, मी वाईट मनानं नाही विचारलं, माझ्या गळ्याची आण. मी तिला म्हटलं, "गोत्तायतु अव्वा, गोत्तायतु." कळलं गं आई. मला कळून काय उपयोग होता?

मी चिडते कुणावर, ते मलाच ठरवता येत नाही. म्हातारीवर चिडावं, तर तिच्या मांडीवर माझ्या नवऱ्याचं डोकं होतं. ह्यांच्यावर चिडावं, तर ते तेवढ्या एका ठिकाणी चुकले, आणि बाकी जन्मभर तो प्रश्न ज्या अर्थानं ऐकला त्या अर्थानंच विचारला गेला होता. मग मी उन्हावर चिडते. ऊन काही उलट बोलत नाही.

कलबुर्गीच्या दवाखान्यात ह्यांचा जीव वाचला. मूत्रपिंडं वाचली नाहीत. ताप डोक्यात गेला होता, स्नायू वितळून रक्तात उतरले होते, असं डॉक्टरांनी समजावलं. सुधारतील, थोडी वाट बघू, म्हणत महिने गेले. मग त्यांनीही वाट बघणं सोडलं. आता आठवड्यातून ठरलेल्या वारी यंत्राला लावावं लागतं. आणि पाणी मोजून. अंगात साठलं की छातीत चढतं, श्वास लागतो. सकाळी मी एक छोटा तांब्या भरून ठेवते, गोळ्या, चहा, आमटी सगळं त्यातच धरायचं. तो संपला की संपलं.

तहान कुणाची ऐकते? हे दिवसभर पाणी मागतात. ओशाळून मागतात, रागानं मागतात, बर्फाचा खडा तरी दे म्हणतात. ज्या माणसानं परक्याजवळ कधी मागितलं नाही, तो घरातल्या घरात बायकोकडं मागतो आणि बायको नाही म्हणते. माठ मी उचलून शेजारणीकडं ठेवलाय. मी स्वतः पाणी पिते ते न्हाणीघराचं दार लावून, नळाची धार बारीक ठेवून.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. पंखा बंद, जाळापुढं बसलेली, घामानं निथळत होते. हे बाहेरच्या खोलीतून उठून आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आत आले नाहीत. चेष्टा करायचा मूड असावा, खूप दिवसांनी. दोन्ही हातांची ओंजळ केली, कमरेत थोडे वाकले आणि म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळंल का?"

माझा हात परातीतच राहिला. हे हसत होते, ओंजळ पुढंच होती, ओठांना भेगा पडलेल्या.

मी म्हटलं, "न्हाई."