खोट्या कर्जाची वसुली

"या, या. बसा. चहा घेणार?"

संगणकाच्या पडद्यावर मुलांचे चेहरे उगवायला लागले की काका असं म्हणत खुर्चीतून उठायचे. उठले की त्यांचं डोकं कॅमेऱ्यात मावायचं नाही. मुलांना दिसायचा फक्त इस्त्रीचा शर्ट आणि खिशातलं पेन. मुलं आपापल्या घरी पलंगावर लोळत असायची, तरी कोणीतरी "नहीं काकाजी, अभी पी के आया" म्हणेपर्यंत काका खाली बसायचे नाहीत.

काका मूळचे अमरावतीचे. एका बँकेत मॅनेजर होते. शेवटची बदली जयपूरला झाली, मालवीय नगरात फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मी नाशिकची, सॉफ्टवेअरवाली, त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी. इथल्या मराठी मंडळात प्रत्येक सभेला एकच रडगाणं असायचं: मुलं कमवायला लागली, पण महिना संपायच्या आत पुन्हा बापापुढे हात पसरतात. तेव्हा काकांनी दर रविवारी ऑनलाइन वर्ग घेऊन पैशांचा व्यवहार शिकवायचा आणि यंत्रांची बाजू मी सांभाळायची, असं ठरलं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

मी एक शिकण्याचं अ‍ॅप शोधून काढलं. त्यात प्रत्येकाला खोटा पगार मिळतो, त्यातून खोटं घरभाडं भरायचं, खोटी बचत करायची, वाटलं तर खोटं कर्ज काढायचं. मधूनच अ‍ॅप एखादं संकट पाठवतं. खेळ म्हणून चांगला होता. अडचण एवढीच की काकांना खेळ ही कल्पनाच मान्य नव्हती.

एकदा अ‍ॅपनं एका मुलाचा फ्रिज बिघडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याच्या घरी फोन लावला. फोन आईनं उचलला.

"फ्रिज दुरुस्त केला काय?"

"आमचा फ्रिज चांगला आहे हो."

"काल बंद पडला नं! तुमच्या पोरानं सांगितलं नाही? लपवून राहिला तो."

त्या बाईंनी फ्रिज उघडून पाहिला, असं नंतर कळलं.

शिकवायचे मात्र मनापासून. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' असते, ती भरली की काम भागलं, असं आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटायचं. मीही त्यातच होते. काका पडद्याजवळ तोंड आणून म्हणायचे, "किमान भरलं की कमाल अडकलं, बाप्पा!" मग उरलेल्या रकमेवर व्याज कसं चढतं ते समजावायचे. हे सांगताना त्यांचा माइक बंद असायचा. तो चालू करायला मला खाली धावावं लागायचं, आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच जोरात सांगायचे.

अ‍ॅपमधलं कर्ज एका बटणावर मिळायचं. हे काकांना असभ्य वाटायचं. "माणसाचं तोंड पाहिलं नाही आन् कर्ज देऊन टाकलं?" म्हणून त्यांनी स्वतःचा नियम काढला. कर्ज काढणाऱ्यानं वर्गातला जामीनदार आणायचा. सांगानेरच्या ऋचाला खोटी स्कूटर घ्यायची होती, तिला जामीन मी राहिले. ऋचा सीतापुऱ्यातल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत नव्यानं लागलेली, हसरी, बडबडी. वडील विमा कंपनीत अधिकारी. पहिले काही हप्ते तिनं चोख भरले. मग हप्ते थांबले, अ‍ॅपमध्ये तिचं नाव थकबाकीदार म्हणून लाल झालं आणि वर्गातून ती दिसेनाशी झाली. फोन उचलेना.

"पोरगी कंटाळली असेल," मी म्हटलं.

"कंटाळलेला माणूस फोन उचलून खोटं बोलते. न उचलणारा भ्यालेला असते. चल."

"कुठे?"

"वसुलीला. जामीनदाराला यावंच लागते."

आता तुम्हीच सांगा, रविवारच्या उन्हात, एका म्हाताऱ्या माणसाच्या स्कूटरवर मागे बसून, न घेतलेल्या स्कूटरच्या न काढलेल्या कर्जाची वसुली करायला जाणाऱ्या बाईनं वाटेत काय विचार करावा? मी पोटभर कुरकुरले. काका हेल्मेटच्या आतून "हो नं, हो नं" म्हणत राहिले.

दार ऋचाच्या आईनं उघडलं.

"नमस्कार. तुमच्या मुलीचं कर्ज थकलं आहे," काका म्हणाले.

बाईंनी दाराची चौकट धरली. "अहो ऐकलंत का! कर्ज म्हणतायत!"

"घाबरू नका, ताई. खोटं आहे." काकांनी चपला काढल्या. "पण थकलं आहे."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी खेळाचं सगळं समजावून सांगितलं तेव्हा ऋचाचे वडील हसले, आई हसली, पाणी आलं. तेवढ्यात ऋचा बाहेर आली आणि आम्हाला पाहून ओक्साबोक्शी रडायला लागली.

मी तिला कुशीत घेतलं. "अगं, खेळ आहे तो." काका मात्र तिच्याकडे बघत राहिले. मग आईंना म्हणाले, "ताई, चहा आलं घालून करा बरं, निवांत." आणि वडिलांना, "साहेब, माझ्या स्कूटरचा मागचा टायर पाहता काय? वाटेत डुलून राहिली होती." दोघं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खरं किती आहे?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं म्हणून तिनं फोनवरच्या एका अ‍ॅपवरून कर्ज काढलं होतं. ते फेडायला दुसऱ्याकडून, ते फेडायला तिसऱ्याकडून. आता त्यांच्या वसुलीवाल्यांचे फोन यायचे. तिच्या फोटोत नको ते जोडून फोनमधल्या सगळ्यांना, ऑफिसातल्या साहेबांनासुद्धा, पाठवू म्हणायचे. "मैं कल रिझाइन देणार होते, काकाजी. पप्पांना नका ना सांगू. मतलब, मला वाटलं की मी कुठेतरी निघूनच जाऊ." ती मराठी आणि हिंदीत एकदमच रडत होती.

"नोकरी सोडायची नाही, आन् कुठं जायचं नाही," काका म्हणाले. "पप्पांना सांगायचं. मी इथंच बसलो आहे."

आणि सांगितलं त्यांनीच. वडिलांचा आवाज चढला तसे काका त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"साहेब, ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. वसुलीवाला मी आहे. लोकांच्या शिव्या खायचीच सवय आहे मला."

 वडील खाली बसले आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी काकांच्या पाया पडावंसं वाटलं. काका आल्याचा चहा बशीत ओतून फुंकत होते.

दुसऱ्या दिवशी काका, ऋचा आणि तिचे वडील सायबर पोलिसांकडे गेले. ऑफिसातल्या साहेबांना ऋचानं स्वतःच सगळं आधी सांगून टाकलं. खरोखर घेतलेली रक्कम वडिलांनी फेडली. धमक्यांचे फोन थोडे दिवस आले, मग बंद झाले. नोकरी टिकली, आणि पुढच्या रविवारी ऋचानं स्कूटरचे थकलेले खोटे हप्तेही भरले. काकांनी सगळ्या वर्गासमोर माझा जामीन मोकळा केला.

पुढे काकांचं हृदय कुरकुरायला लागलं. अमरावतीची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. तिथून ते काही रविवार वर्गात आले, पण डॉक्टरांनी मग बसून बोलायलाही मनाई केली. त्या महिन्यात ऋचाचं नाव लाल झालं. पाठोपाठ दुसऱ्या मुलाचं, मग तिसऱ्याचं. बघता बघता सगळा वर्ग लाल.

अ‍ॅपवर ते लाल पाहून काकांनी अमरावतीहून मला चोरून फोन केला. "काय बाप्पा, सगळेच थकले? काय शिकवलं मी इतके दिवस!"

ऋचा माझ्याकडेच आली होती, मी फोन तिला दिला.

"काकाजी, हम नहीं भरेंगे. वसुलीला यावं लागेल."

 काका म्हणाले, "जामीनदार कोण आहे?"

"आम्ही सगळेच."

"असं चालत नाही, पोरी." पलीकडे कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. "दिवाळी झाली की येतो. एकेकाच्या घरी येतो, पाहा."

दिवाळीच्या आधीच त्यांच्या मुलीचा फोन आला.

वर्ग आता ऋचा घेते. अ‍ॅप दर महिन्याला थकलेल्या हप्त्यांची आठवण करून देतं. बटण दाबलं तर सगळं एका मिनिटात फिटेल. अजून कोणी दाबलेलं नाही.