लाल रेघा

तिला सगळे पाऊसबाई म्हणत. शाळेत घंटा देण्याची नोकरी, आणि घराच्या अंगणात सरकारने बसवलेला पर्जन्यमापक. त्यातलं पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या नळीत ओतायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. अशी बावीस वर्षं. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा आधी पाऊस, मग रडणं. अकरा मिलिमीटर होता.

गाव पठारावर. पाऊस वर पडायचा, पाणी खाली मैदानात जायचं. तिथे कालवे, शीतगृहं, ट्रॅक्टरची दुकानं. इथे दगड आणि वर्षाला एक पीक. धाकटा दीर मैदानातल्या बँकेत कर्जं मंजूर करायचा. एका रविवारी तो आला.

"वहिनी, बँक एका तलावाला पैसा देणार आहे. तुमच्या वह्या हव्यात. कोरड्या वर्षांखाली लाल रेघ मारा, चांगली ठळक. आपले हाल दिसू देत."

"भाऊजी, तलाव वरच ना?"

"मग! मला काय माझं गाव परकं आहे?"

आठ दिवस ती रेघा मारत बसली. दोन पेनं संपली. शेजारीण म्हणाली, "एवढा अभ्यास लहानपणी केला असतास तर घंटा दुसऱ्या कुणी दिली असती!"

चार महिन्यांनी तलाव खणायला सुरुवात झाली. खाली, मैदानात.

ती बसने बँकेत गेली. दिराच्या टेबलावर तिच्या वह्या होत्या आणि वर टाचलेला शेरा : 'पठारावर पाऊस बेभरवशाचा. तेवीसपैकी नऊ वर्षं कोरडी. गुंतवणूक धोक्याची.'

"बावीस," ती म्हणाली. "आणि रेघा तुम्हीच मारायला लावल्यात."

"वहिनी, हाल बघून कुणी पैसा देत नाही. खाली कालवा आहे, रस्ता आहे. तिथे तो परत येतो."

"हे त्या रविवारी ठाऊक होतं?"

त्याने शिपायाला चहा सांगितला.

"ठाऊक होतं?"

"वरचा आकडा वाईट दाखवल्याशिवाय खालची फाईल हलत नव्हती," तो समोर आलेल्या चहाच्या कपाशी बोलल्यासारखा बोलला.

तिने वह्या पिशवीत भरल्या. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी साडेआठला त्याचा फोन. "वहिनी, आजचा आकडा? तलावाच्या कामावर कळवायचाय, वरचं पाणी तिथेच उतरतं."

तिने फोन ठेवून दिला. नळीत एकोणीस मिलिमीटर होतं. ते तिने अंगणात ओतलं. ओघळ उताराला लागला. तिने पाऊल आडवं ठेवलं. पाणी क्षणभर थांबलं, मग दोन्ही बाजूंनी वळसा घालून खाली निघालं.